घरातल्या वृद्ध माणसासाठी मेडिकल अलर्ट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कुठलं बटण घेऊ?" एवढा एकच प्रश्न घेऊन बहुतेक जण येतात. बोलता बोलता खरे प्रश्न बाहेर पडतात. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, किल्ली कोणाकडे आहे, आई ते गळ्यात घालणार तरी का? म्हणून इथे उपकरणाइतकंच त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांबद्दलही लिहिलं आहे. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. मेडिकल अलर्ट म्हणजे नक्की काय? मोबाइल आहे की हाताशी, तो पुरत नाही का?

अंगावर घालायचं एक बटण. ते दाबलं की घरातलं बेस युनिट (एका जागी ठेवलेला, फोन लावणारा स्पीकरचा डबा), किंवा बटणातच बसवलेलं सिम, आधी ठरवून दिलेल्या ठिकाणी फोन लावतं आणि स्पीकरवरून बोलता येतं. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत अँड्र्यू डिबनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये 'लाइफलाइन' सुरू केली तेव्हाही गाभा हाच होता: अडचणीतल्या माणसाला नंबर फिरवावा लागू नये.

मोबाइल असावाच. पण माणूस बाथरूममध्ये पडतो तेव्हा मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो. तो हातात असला तरी चष्मा उडालेला, बोटं थरथरणारी, अशात लॉक उघडून नाव शोधणं तरुणालाही जड जाईल.

२. आई अजून ठणठणीत आहे. आत्ताच घ्यायची गरज आहे का?

वय बघून ठरवू नका, परिस्थिती बघा. दिवसातले बरेच तास ती घरात एकटी असते का? गेल्या वर्षभरात एकदा तरी पडली आहे का? (एकदा पडलेल्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते.) रात्री लघवीला उठावं लागतं का, उठल्याउठल्या चक्कर येते का, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, रक्त पातळ करणारं औषध आहे का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' आलं तर थांबू नका.

पडण्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, नुकसान पडून राहण्याने होतं. तासापेक्षा जास्त वेळ जमिनीवर राहिलं की अंगाखाली दबलेले स्नायू खराब होऊन त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शरीर थंड पडतं, पाणी कमी होतं, टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा सोलवटते. नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा केंब्रिजमध्ये केलेला एक अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात नोंदलेल्या पडण्यांपैकी ८२ टक्के वेळा माणूस एकटा होता. पडलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नाही आणि ३० टक्के लोक तासभर किंवा जास्त जमिनीवर होते. बटण पडणं थांबवत नाही. ते फक्त हा जमिनीवरचा वेळ कमी करतं.

आणखी एक व्यवहारी कारण. ठणठणीत असताना घेतलेल्या वस्तूची सवय होते. आजारपणानंतर घाईने गळ्यात घातलेलं बटण माणसाला परकं वाटतं.

३. इतके प्रकार दिसतात. सुरुवात कुठून करू?

दुकानातून नको, घरातून करा. कागदावर तीन गोष्टी लिहा: घरातली वृद्ध व्यक्ती दिवसभर कुठे कुठे असते, कुठे पडण्याची जास्त भीती आहे, आणि हाक दिल्यावर कोण किती मिनिटांत पोचू शकतं. मग प्रकार आपोआप गाळले जातात.

फक्त घरातच वावर असेल तर बेस युनिट आणि पेंडंट (गळ्यात घालायचं बटण) पुरे. रोज बाहेर जात असतील तर सिम आणि जीपीएस असलेलं फिरतं उपकरण. बटण दाबण्याचं भान किंवा ताकद राहील याची खात्री नसेल तर पडणं आपोआप ओळखणारी सोय (प्रश्न ५), आणि स्मृतिभ्रंश असेल तर वेगळाच विचार (प्रश्न १७). बाथरूममध्ये आणि पलंगाजवळ ओढायची दोरी किंवा भिंतीवरचं बटण जोडीला चांगलं. दोरी मात्र जमिनीपर्यंत लोंबती हवी. पडलेल्या माणसाचा हात कमरेच्या उंचीवर जात नाही, हे बसवणारा हमखास विसरतो.

४. चोवीस तास चालणाऱ्या केंद्राची सेवा घ्यावी, की थेट आमच्याच मोबाइलवर फोन येणारं उपकरण?

निवड करताना सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्या.

केंद्राच्या सेवेत बटण दाबलं की प्रशिक्षित माणूस बोलतो. त्याच्या पडद्यावर पत्ता, आजार, औषधं, ॲलर्जी, किल्ली कोणाकडे हे सगळं दिसतं आणि तो शेजाऱ्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत ज्याला हवं त्याला बोलावतो. दर महिन्याला पैसे जातात, पण रात्री तीन वाजताही कोणीतरी जागं असतं. सेवा घेण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा: पलीकडचा माणूस कोणत्या भाषेत बोलेल? भेदरलेला माणूस, विशेषतः म्हातारपणी, आपल्या भाषेवरच येतो. त्याला समोरचं कळलं नाही तर सगळी यंत्रणा तिथेच अडली.

थेट मोबाइलवर येणाऱ्या उपकरणाला मासिक शुल्क नसतं किंवा फक्त सिमचा खर्च असतो. ते आधी भरलेले नंबर एकामागून एक लावतं. यात फसगतीच्या तीन जागा आहेत. पहिली, व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही की निरोप ठेवायला सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज. पहिल्या नंबरचा व्हॉइसमेल लागला की साधं उपकरण 'फोन उचलला' असं समजतं आणि पुढचे नंबर लावतच नाही. म्हणून उचलणाऱ्याने एखादी कळ दाबून 'मी ऐकतोय' असं कळवेपर्यंत पुढे जात राहणारं उपकरण घ्या, किंवा व्हॉइसमेल बंद करा. दुसरी, अनोळखी नंबर अडवणारं ॲप. उपकरणाचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नाव देऊन साठवा. तिसरी, रात्री शांत ठेवलेला फोन. या एका नंबरला 'डू नॉट डिस्टर्ब'मधून सूट द्या.

माझं मत विचाराल तर: किमान तीन माणसं तयार असतील आणि त्यातलं एक तरी दहा-पंधरा मिनिटांत पोचू शकत असेल, तर थेट उपकरण चालतं. एकच मुलगा आणि तोही दिवसभर मीटिंगमध्ये, अशी स्थिती असेल तर केंद्र घ्या.

५. पडल्यावर आपोआप कळवणारं 'फॉल डिटेक्शन' किती भरवशाचं असतं?

उपयोगी आहे, पण पूर्ण विसंबण्यासारखं नाही. आत हालचालीचा वेग मोजणारे सेन्सर असतात, काहींत हवेच्या दाबावरून उंचीतला फरक ओळखणाराही असतो. जोराचा आदळ, शरीराची बदललेली दिशा आणि त्यानंतरची निश्चलता अशी साखळी जुळली की उपकरण 'पडलं' असं ठरवतं.

आता म्हातारी माणसं खरोखर कशी पडतात ते आठवा. पुष्कळदा भिंतीला धरून हळूहळू खाली बसतात, खुर्चीच्या कडेवरून घसरतात, पलंगावरून सरकतात. आदळ कमी, म्हणून साखळी जुळत नाही आणि अलार्म जात नाही. उलट धपकन सोफ्यात बसलं, हात टेबलावर आपटला, उपकरण फरशीवर पडलं की जातो. जाहिरातीतल्या अचूकतेच्या आकड्यांना मी फारशी किंमत देत नाही, कारण अशा चाचण्या बऱ्याचदा धडधाकट तरुणांना गादीवर पाडून केलेल्या असतात.

तरीही बेशुद्धी, फिट, पक्षाघात, हृदयाची लय बिघडणं अशा शक्यता असतील तर ही सोय घ्याच. तिथे बटण दाबणारा हातच शिल्लक नसतो. इतरांनी ती जोड म्हणून घ्यावी आणि "शुद्ध असेल तर बटण दाबायचंच, यंत्राची वाट बघायची नाही" हे स्पष्ट सांगावं.

६. स्मार्टवॉच घेतलं तर? दिसायलाही बरं.

ज्यांना घड्याळाची आणि मोबाइलची सवय आहे त्यांच्यासाठी चांगला पर्याय. ॲपल वॉचमध्ये पडणं ओळखण्याची सोय २०१८ साली 'सीरिज ४'पासून आली. जोरात पडल्यावर साधारण मिनिटभर हालचाल दिसली नाही तर ते आधी इशारा देतं आणि मग आपत्कालीन सेवेला फोन लावतं. प्रोफाइलमध्ये ५५ किंवा त्यापुढचं वय भरलेलं असेल तर सोय आपोआप चालू होते, म्हणून जन्मतारीख खरी भरा.

अडचणी दोन. स्वतःचं सिम नसलेलं घड्याळ बहुतेक वेळा जवळच्या मोबाइलवर अवलंबून असतं. मोबाइल घरी आणि आजोबा बागेत असले तर ते नुसतंच घड्याळ उरतं. दुसरी अडचण चार्जिंगची. ते रोज रात्री काढून ठेवलं जातं आणि नेमकं त्याच वेळी बाथरूमला उठणं होतं. (प्रश्न १३ पाहा.)

७. गळ्यात, मनगटावर की कमरेला?

नेहमी वापरतील ते. बाकी सगळे निकष यानंतर.

गळ्यातलं आणि मनगटावरचं दोन्ही सारख्याच आनंदाने वापरणार असतील तर बारकावे बघा. पडणं ओळखण्यासाठी छातीजवळचं पेंडंट सहसा मनगटापेक्षा बरं, कारण हात दिवसभर उगाचच हलत असतो. गळ्यातली दोरी अडकून फास बसू नये म्हणून जोर पडताच सुटणारीच घ्या. विशेषतः व्हीलचेअर, वॉकर किंवा पलंगाला कठडे असतील तर. पक्षाघाताने एक बाजू कमजोर असेल तर मनगटी बटण कमजोर हातावर घाला, म्हणजे चांगल्या हाताने दाबता येतं. दाबायला किती जोर लागतो तेही घेण्याआधी त्यांच्याच बोटांनी पाहा. संधिवात असलेल्या बोटाला खोलगट, टणक बटण दाबवत नाही.

कमरेच्या क्लिपबद्दल मी साशंक आहे. कपडे बदलले की ती कपड्यांबरोबर जाते.

८. आंघोळीच्या वेळी काढून ठेवायचं का?

नाही. ओली फरशी, वाकणं, गरम पाण्याने रक्तदाब उतरणं: धोका तिथेच जमा झालेला असतो. आयपी६७ (धूळ आणि पाणी आत शिरू न देण्याचा दर्जा) लिहिलेलं असेल तर उपकरण १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतं असं समजा. मात्र ही चाचणी साध्या पाण्यात होते, साबण आणि गरम वाफ त्यात धरलेली नसते. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचून थांबू नका, "आंघोळीत घातलं तर चालतं का?" असं थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

९. बाबा घालायलाच तयार नाहीत. "मी काय आजारी आहे का?" म्हणतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वर सांगितलेल्या केंब्रिजच्या अभ्यासातही (प्रश्न २) हेच दिसलं होतं. मदतीची बटणं पुष्कळांकडे होती, पण जे बराच वेळ जमिनीवर पडून राहिले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती वापरलीच नाहीत. कोणी घातलेलं नव्हतं, कोणाला उगाच त्रास द्यायचा नव्हता, कोणाला आपलं आपण उठायचं होतं, तर कोणाला दवाखान्यात नेऊन टाकतील अशी भीती होती.

म्हणून आधी नकाराचं कारण शोधा. दिसण्याची लाज असेल तर घड्याळासारखं किंवा सदऱ्याच्या आत राहणारं घ्या. "तुम्हाला त्रास होईल" असं म्हणत असतील तर चुकून दाबलेल्या अलार्मलाही हसून उत्तर द्या. एकदा वैतागलात की पुढच्या वेळी ते खरोखर पडले तरी दाबणार नाहीत. आपलं स्वातंत्र्य जाईल ही भीती असेल तर मुद्दा उलटा मांडा. हे घातलं तर कोणी सतत सोबतीला बसायची, दिवसातून चार वेळा फोन करून "काय करताय?" विचारायची गरज उरत नाही.

निवड त्यांना करू द्या. दोन-तीन नमुने समोर ठेवा, रंग त्यांना ठरवू द्या, पहिला चाचणी-फोन त्यांच्या हातून होऊ द्या. मुलांपेक्षा डॉक्टरांचं किंवा समवयस्क मित्राचं म्हणणं लवकर पटतं, तेही वापरून पाहा. महिनाभर वापरून मग ठरवू, अशी मुदत मान्य करणारे पुष्कळ असतात. आणि लपवून, फसवून काही लावू नका. कळल्यावर विश्वास जातो आणि त्यापुढे कुठलंच उपकरण चालत नाही.

सगळं करूनही नाहीच म्हणाले तर? शहाण्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे. तेव्हा ठरल्या वेळचा सकाळ-संध्याकाळचा फोन, बाथरूममध्ये ओढायची दोरी आणि शेजारी किल्ली, एवढं तरी करा.

१०. वीज किंवा नेटवर्क गेलं तर?

वीज गेल्यावर बेस युनिट बॅटरीवर चालतं. किती तास, ते विचारा; २४ तासांपेक्षा कमी असेल तर मी घेणार नाही. बेस युनिट वाय-फायवर असेल तर खरा प्रश्न राउटरचा आहे. युनिटची बॅटरी टिकली तरी वीज जाताच राउटर बंद पडतो. त्यामुळे स्वतःचं सिम असलेलं युनिट बरं, आणि वाय-फाय व सिम दोन्ही असतील तर उत्तम.

नेटवर्कची पिढी बदलते तेव्हा जुनी उपकरणं गपचूप मुकी होतात. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, तेव्हा त्यावर चालणारी बटणं बदलावी लागली. ब्रिटनमध्ये लँडलाइन डिजिटल करताना काही वृद्धांची अलार्म उपकरणं चालली नाहीत आणि गंभीर प्रसंग घडले. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सक्तीने लाइन बदलणं थांबवावं लागलं. तेव्हा घरचा फोन किंवा इंटरनेट बदललंत की त्याच दिवशी बटण दाबून पाहा. नवं घेताना '४जी' एवढंच वाचून समाधान मानू नका. काही उपकरणं ४जीवर फक्त डेटा पाठवतात आणि आवाजासाठी जुन्या नेटवर्कवर उतरतात. "आवाजाचा फोनही ४जीवरूनच जातो का?" हे विचारा.

११. खोक्यावर रेंज शेकडो मीटर लिहिली आहे. आमचं घर तर छोटंच आहे.

तो आकडा मोकळ्या मैदानातला. भिंती, लोखंडी सळ्या, फरशा, पाण्याची टाकी रेंज खातात. एकाने बेस युनिटपाशी बसावं आणि दुसऱ्याने बटण घेऊन घराचा कानाकोपरा फिरावा: बाथरूम दार बंद करून, गच्ची, जिना, अंगण, कचरा टाकायची जागा. प्रत्येक ठिकाणी दाबा, आणि एकदा जमिनीवर आडवं होऊनही दाबा.

बटण लागणं आणि आवाज पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बोलणं बेस युनिटच्या स्पीकरवरून होत असेल तर बंद बाथरूममधून काहीच ऐकू येणार नाही. पेंडंटमध्येच स्पीकर असेल तर ही अडचण सुटते.

१२. त्या रोज फिरायला जातात. जीपीएसवर किती विसंबावं?

उघड्यावर ठिकाण चांगलं कळतं. इमारतीच्या आत उपग्रहाचा संकेत कमजोर होतो आणि उपकरण वाय-फाय किंवा मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं. टॉवरचा अंदाज शेकडो मीटरही चुकू शकतो. मजला तर सहसा कळतच नाही. सिम कुठल्या कंपनीचं आहे आणि त्या कंपनीचं नेटवर्क त्यांच्या फिरायच्या वाटेवर आहे का, हे जीपीएसपेक्षा जास्त महत्त्वाचं. ठिकाण कळलं, पण फोनच लागला नाही तर उपयोग काय?

१३. चार्जिंग विसरतात. काय करायचं?

घरापुरत्या साध्या पेंडंटची बॅटरी वर्षानुवर्षं चालते, चार्जिंग नसतंच. विसरभोळ्या माणसाला शक्यतो हेच द्या. सिम-जीपीएसवालं दर एक ते काही दिवसांनी चार्ज करावं लागतं. चार्जिंगची वेळ रात्रीची ठेवू नका. टीव्ही बघताना किंवा जेवताना, म्हणजे सोबत कोणी असताना आणि बसलेले असताना ठेवा. बॅटरी उतरल्याचा संदेश त्यांच्याबरोबर तुमच्याही मोबाइलवर यायला हवा. तो येत नसेल तर दुसरं उपकरण बघा.

१४. मदत आली, पण दार आतून बंद असेल तर?

दार फोडावं लागेल, आणि त्यात वेळ जाईल. किल्ली दोन विश्वासू शेजाऱ्यांकडे द्या किंवा बाहेर आकडी कुलपाची छोटी किल्लीपेटी बसवा आणि तिचा आकडा केंद्राच्या नोंदीत ठेवा. आतून कडी लावायची सवय असेल तर किल्ली कोणाकडेही असून काही होत नाही. बाहेरून उघडता येणारं कुलूप बसवा. बाथरूमलाही तेच. आणि त्याचं दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाचं अंग दारालाच टेकतं. दार बाहेर उघडणारं करून घेता आलं तर या सगळ्या खर्चातला तो सर्वात सार्थकी लागलेला खर्च असेल.

१५. सतत चुकून दाबलं जातं. केंद्रवाले रागावतील ना?

नाही, हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. "चुकून लागला" एवढं सांगितलं की पुरतं. पण वारंवार होत असेल तर कारण शोधा. झोपेत अंगाखाली येतंय का, हाताच्या कंपामुळे पडल्याचं समजतंय का? संवेदनशीलता कमी करता येते, किंवा काही सेकंद दाबून धरावं लागणारं बटण मिळतं. जिथे चुकून रुग्णवाहिका बोलावल्याचं शुल्क पडतं तिथे आधी शेजाऱ्याला फोन, मग रुग्णवाहिका, असा क्रम नोंदवून ठेवा.

१६. कानाने कमी ऐकू येतं, आणि पक्षाघाताच्या झटक्यानंतर बोलणंही अस्पष्ट आहे. मग संवाद कसा होणार?

केंद्राला आधीच कळवा. नोंदीत असं लिहून घेता येतं: "उत्तर आलं नाही किंवा शब्द कळले नाहीत तरी ताबडतोब माणूस पाठवा." अशा माणसासाठी शांतता म्हणजे चूक नव्हे, तर मदतीची हाकच धरायची. ऐकण्यासाठी स्पीकरचा आवाज श्रवणयंत्र काढून तपासा, कारण रात्री ते काढलेलं असतं. बटण दाबल्यावर दिवा लागणारं किंवा थरथरणारं उपकरण असेल तर 'संदेश गेला' हे न ऐकताही कळतं.

१७. आजीला स्मृतिभ्रंश आहे. बटण कशासाठी आहे हेच आठवत नाही.

तर मग बटणावर भिस्त ठेवू नका. सुरुवातीच्या टप्प्यात, रोज सराव केल्यावर काही जणांना जमतं. पुढे बटण दिसतं, पण संकटात ते दाबायचं असतं हा दुवा तुटतो. काही जण ते दर पाच मिनिटांनी दाबतात, काही काढून कुठेतरी ठेवून देतात.

या टप्प्यावर माणसाकडून काहीच अपेक्षा न करणारी साधनं लागतात. बाहेरचं दार उघडल्याचं कळवणारा सेन्सर, रात्री पलंगावरून उठून ठरावीक वेळात परत न आल्यास कळवणारा गादीखालचा सेन्सर, खोल्यांतली हालचाल टिपणारे सेन्सर. भिंतीवर लावायचे रडार सेन्सर कॅमेऱ्याशिवाय पडणं ओळखतात. मात्र एक सेन्सर साधारण एकच खोली बघतो आणि घरातलं पाळीव जनावर त्याला गोंधळात टाकू शकतं. बाहेर निघून जाण्याची सवय असेल तर सहज न सुटणाऱ्या पट्ट्याचं जीपीएस.

एक स्पष्ट सांगते. ही साधनं सोबतीच्या माणसाला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत. आजार वाढल्यावर एकटं ठेवणं सुरक्षित आहे का, हा प्रश्न उपकरण खरेदी करून पुढे ढकलू नका.

१८. पेसमेकर आहे. गळ्यातलं पेंडंट चालेल का?

बहुतेकांना चालतं, पण उपकरणाच्या माहितीपत्रकात पेसमेकरबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि हृदयतज्ज्ञांना दाखवा. रेडिओ लहरी किंवा चुंबक असलेल्या वस्तू पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर दूर ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि लोंबतं पेंडंट नेमकं तिथेच येतं. मनगटी प्रकार घेतला की चिंता मिटते. तो पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या हातावर घाला.

१९. दोघं एकत्र राहतात. एकच पुरेल का?

बेस युनिट एक, बटणं दोन. जो जास्त पडतो त्याला एक देऊन भागवलं जातं, पण त्याला उचलायला गेलेला दुसराही पडू शकतो. नोंदणी करताना दोघांचे आजार वेगवेगळे लिहा. कोणतं बटण दाबलं गेलं हे केंद्राला कळतं का, तेही विचारा.

२०. त्यापेक्षा कॅमेराच लावला तर?

कॅमेरा बघणारं कोणी असेल तेव्हाच उपयोगी, आणि धोका जिथे सर्वात जास्त त्या बाथरूममध्ये तो लावता येत नाही. लावायचाच असेल तर त्यांची परवानगी घेऊन, फक्त बैठकीच्या जागी, मजबूत पासवर्ड ठेवून.

२१. करारावर सही करण्यापूर्वी काय विचारायचं?

उपकरण विकत आहे की भाड्याने? किमान किती महिने? मधेच बंद केलं, किंवा माणूस रुग्णालयात राहिला वा वारला, तर उरलेले पैसे परत मिळतात का? पडणं ओळखण्याची सोय धरून किंमत आहे की वेगळी? बिघडल्यास किती दिवसांत दुसरं मिळतं आणि तोवर काय? ठिकाणाची माहिती कोणाकोणाला दिसते? वापरून पाहून परत करण्याची मुदत किती? तोंडी उत्तरं धरू नका. "सही आजच केली तर सवलत" म्हणणाऱ्याला उद्या या म्हणावं.

२२. बसवल्यावर किती वेळा तपासायचं?

महिन्यातून एकदा, तारीख ठरवून, आणि बटण त्यांनीच दाबायचं. त्याने उपकरण तपासलं जातं आणि हाताला सवयही लागते. औषधं, फोन नंबर किंवा किल्ली ठेवणारा शेजारी बदलला की नोंद त्याच दिवशी बदला.

२३. मदत येईपर्यंत त्यांनी काय करायचं? आणि नंतर "काही झालं नाही" म्हणाल्या तर दवाखान्यात न्यायचंच का?

आधी काही क्षण तसंच पडून श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते बघायचं. कंबरेत किंवा मांडीत तीव्र कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचा प्रयत्न नको. ते मोडलेल्या खुब्याचं लक्षण असू शकतं. हाताला येईल ते पांघरूण ओढून घ्यायचं आणि न दुखणारे हातपाय अधूनमधून हलवायचे. दुखत नसेल तर कुशीवर वळून, कोपरावर, मग गुडघे-हातांवर येऊन भक्कम खुर्चीपर्यंत सरकायचं, बैठकीवर हात टेकून एक पाऊल जमिनीवर रोवायचं आणि उठून वळून बसायचं. धडधाकट असतानाच याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. मदतीला आलेल्याने काखेत हात घालून ओढू नये.

दवाखान्याचं म्हणाल तर, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर न्यायचंच, कितीही बरं वाटत असलं तरी. मेंदूभोवतीचा रक्तस्राव उशिराने, कधी दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतो. नंतर वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं दिसलं तर पुन्हा न्या. का पडलो हेच आठवत नसेल, किंवा पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, तर मार लागलेला नसला तरी डॉक्टरांना दाखवा.

२४. मी दुसऱ्या देशात राहतो. अलार्म माझ्या मोबाइलवर आला तर आईसाठी रुग्णवाहिका कशी बोलावू?

आपत्कालीन छोटा नंबर तुम्ही जिथे आहात तिथल्या सेवेला लागतो. आईच्या गावातल्या नव्हे. घाईत हे कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून तिच्या जवळचं रुग्णालय, खासगी रुग्णवाहिका, पोलीस ठाणं आणि दोन शेजारी यांचे देशाच्या कोडसह पूर्ण नंबर साठवा आणि ते तुमच्या देशातून लागतात का हे एकदा लावून पाहा. काही नंबर परदेशातून लागतच नाहीत.

यादीत पहिलं नाव तुमचं ठेवू नका. तिच्या जवळ राहणारं माणूस पहिलं, केंद्र असेल तर त्याहून आधी केंद्र, तुम्ही शेवटी. तुमच्याकडे संदेश येऊ द्या, फोनची साखळी तुमच्यापाशी अडू नये. आणि तिचा पत्ता जवळच्या खुणेसकट, मजल्यासकट एका संदेशात तयार लिहून ठेवा, म्हणजे तो शेजाऱ्याला किंवा रुग्णवाहिकेला तसाच पाठवता येईल.